एरंडेलाचा ब्रेक

माणसाला पळायला शिकवावं लागत नाही. थांबायला मात्र शिकवावं लागतं. आमच्या नाचणगावच्या घरी हा धडा मला 1986 साली गोठ्याच्या गव्हाणीनं शिकवला.

आईला डोळे दाखवायला वर्ध्याला न्यायचं होतं. मी ऐटीत मोटार मागे घेतली, ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला गेला. गाडी सावकाश जाऊन गव्हाणीला टेकली. गाय उठलीसुद्धा नाही. आई मात्र ओसरीवरून म्हणाली, "काहून रे बाबू, बंडीचे बैल तरी आवाज देल्ला का थांबत!"

गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. कित्येक वर्षांत मी ब्रेकचं तेल बदललं नव्हतं. हे तेल हवेतली ओल शोषतं आणि पोलादी नळीला आतून गंज धरतो. बाहेरून चिखल आपलं काम करतोच. मागच्या चाकाकडे जाणारी, करंगळीहून बारीक नळी फुटली होती. त्या गाडीत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट होती. एक नळी फुटली की चारी चाकं मोकाट! अर्ध्या तासानं हीच गाडी वर्ध्याच्या रस्त्यावर असती आणि मागच्या सीटवर आई असती, हे ध्यानात आलं तेव्हा मला घाम फुटला.

खरं तर पहिल्या मोटारींचे ब्रेक बंडीच्याच घराण्यातले. चाकावर लाकडी ठोकळा दाबायचा, नाहीतर दांड्या आणि तारा ओढायच्या. चारही चाकांना सारखी ओढ बसणं कठीण. मग गाडी रुसलेल्या सुनेसारखी एकीकडे तोंड फिरवी. यावरचा तोडगा सतराव्या शतकातच पास्काल नावाचा फ्रेंच पंडित सांगून गेला होता : कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो. मोटारीच्या चाकांपर्यंत हा दाब नेण्याचं पेटंट माल्कम लॉकहीड यानं 1917 साली घेतलं. हा विमानं बनवणाऱ्या लॉकहीड बंधूंपैकी एक. थांबवण्याची चिंता उडवणाऱ्यालाच अधिक! त्याच साली आमच्या शेजारच्या पुलगावहून आर्वीला नॅरोगेजची आगगाडी सुरू झाली. तिला मात्र थांबण्यापेक्षा निघण्याचंच अवघड वाटे.

1921 साली असे ब्रेक लावलेल्या ड्यूसेनबर्ग गाडीनं फ्रान्समधली मोठी शर्यत जिंकली. ज्याला नेमकं थांबता येतं, तोच बेधडक पळतो! पुढे 1924 पासून क्रायस्लरनं ते ब्रेक नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाडीत आणले. सुरुवातीच्या काळात या नळ्यांतून काय वाहत असे? अल्कोहोलात मिसळलेलं एरंडेल! लहानपणी नाक दाबून आम्हांला जे पाजलं, तेच साहेबाच्या मोटारीत. फरक एवढाच, की आम्हांला ते सुटण्यासाठी देत आणि मोटारीला अडण्यासाठी.

एवढं ज्ञान असल्यावर नळी घरीच बदलायची, असं मी ठरवलं. जुन्या फ्रिजची तांब्याची नळी घेऊन पुलगावच्या मिस्त्रीकडे गेलो. तो हसला नाही, म्हणूनच मी घाबरलो. "साहेब, तांबं हादऱ्यानं कडक होऊन तडकते. घरच्या माणसाले बसवाचं हाय नं?" त्यानं मापाची पोलादी नळी कापली, तिची तोंडं दुहेरी दुमडून दिली आणि बजावलं, "यात इंजिनचं तेल घालू नका, रबर फुगते."

नळी बसवणं सोपं, तिच्यातली हवा काढणं कठीण. तेल दाबून दबत नाही. हवा दबते, आणि पायातला जोर तीच खाऊन टाकते. या कामाला माणसं दोन लागतात. मी गाडीखाली, सौभाग्यवती पेडलवर.

"दाब!"

"दाबला."

मी चाकाजवळची निपल सैल करतो, बुडबुडे येतात, निपल आवळतो, मग "सोड!" मी आवळण्याआधी तिनं पाय सोडला, की बाहेरची हवा पुन्हा आत. असं तीनदा झालं. मी खालून ओरडलो, ती वरून म्हणाली, "अहो, तुम्ही सांगाल तेव्हा सोडीन; पण तुम्ही सांगत कुठे असता?" खरं होतं. निपल आवळून मी मुकाट पुढचा विचार करीत बसे. संसारातही माझी हीच रीत होती, हे मला गाडीखाली उताणं पडल्यावर कळलं.

मग मी दर वेळी मोठ्यानं सांगू लागलो. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं संपेपर्यंत संध्याकाळ झाली. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. अंगणात दहा वेळा चालवून दहा वेळा थांबवली.

दुसऱ्या दिवशी आई मागे बसली. बायको पुढे बसली. फाटक आलं तसा तिचा उजवा पाय नकळत खाली दाबला गेला.

"सोड," मी म्हणालो.

"आधी गाडी थांबू द्या," ती म्हणाली.