चित्रातला पेशवा आणि शिवनेरीवरचा पेशवा

नाना फडणवीसांचा तो उभट, हडकुळा, सावध चेहरा आपण शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. नाना असे दिसत होते, असं आपण खात्रीने म्हणतो ते मुख्यतः जेम्स वेल्स या चित्रकारामुळे.

वेल्स १७४७ साली स्कॉटलंडमधल्या पीटरहेड इथे जन्मला. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला आणि पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यामुळे पेशव्यांच्या दरबारात पोहोचला. आपल्याकडच्या चित्रांत तोवर चेहरा बहुधा एका बाजूने दाखवत, सावली नसे. वेल्सने तैलरंगात, उजेड-सावलीसकट, माणूस जसा दिसतो तसा काढला. १७९२ मध्ये त्याने सवाई माधवराव, नाना आणि सेवक यांचं मोठं चित्र केलं. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत त्याच्या हाताखाली तयार झाला.

आता हे चित्र जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी का पाहावं? नाना आपल्याला परके नाहीत. भीमाशंकराच्या देवळाचं शिखर त्यांनीच बांधवलं. पण त्याच नानांनी १७९४ मध्ये रघुनाथरावांच्या मुलांना आपल्या शिवनेरीवर कैदेत ठेवलं. त्यांतले बाजीराव सवाई माधवरावांच्याच वयाचे, जेमतेम एका वर्षाने धाकटे. दोघांत गुप्त पत्रं सुरू झाली. नानांना ती कळली आणि पहारा आणखी कडक झाला.

ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून सवाई माधवराव गेले. पुढच्याच महिन्यात वेल्सही वारला. १७९६ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन बाजीरावांना आणायला जुन्नरला आले आणि त्या डिसेंबरात बाजीराव पेशवे झाले.

वेल्सने खोटं काही काढलं नाही. समोर बसले त्यांना त्याने प्रामाणिकपणे रंगवलं. पण समोर कोण बसणार, हे दरबार ठरवत होता. चित्रातल्या पेशव्यानंतर गादीवर जो टिकला, तो पुढे १७९४ मध्ये आपल्या गडावर बंदिवान झाला. म्हणून इतिहासाचं साधन म्हणून चित्र वाचताना आपण दोन प्रश्न विचारू या: यात कोण आहे? आणि कोणाला येऊ दिलेलं नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या वेळी आपल्याला शिवनेरीवर सापडतं.