हृदयविकाराचा झटका : उशिरा आलेल्या रुग्णांवरील उपचार

लक्षणे सुरू होऊन 12 तास उलटल्यावर रुग्णालयात पोचलेल्या रुग्णांवरील उपचार. झटक्यात हृदयाची रोहिणी गुठळीने बंद पडते व तिच्यावर पोसणारा स्नायू तासागणिक मरत जातो. छातीतली कळ पित्ताची समजून अनेक जण घरीच थांबतात. मधुमेहींना ती जाणवेलच असेही नाही. गुठळी विरघळवणारी औषधे 12 तासांनंतर फारशी उपयोगी पडत नाहीत, रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो.

12 ते 48 तासांत अँजिओप्लास्टी केल्यास स्नायूची हानी घटते, असे ब्रेव्ह-2 चाचणीत (2005) आढळले. त्यापुढेही बंद रोहिणी उघडणे हिताचेच, हा तर्क वरवर बिनतोड होता. ज्युडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखालील ‘ओॲट’ चाचणीने (2006) तो खोडला. तीत 2,166 स्थिर रुग्ण होते. झटक्यानंतर 3 ते 28 दिवसांनी पूर्ण बंद रोहिणीत स्टेंट बसवूनही मृत्यू, पुन्हा येणारा झटका वा हृदयाची गंभीर दुर्बलता यांचे एकत्रित प्रमाण घटले नाही.

अशा स्थिर रुग्णांना मुख्यतः ॲस्पिरिन, स्टॅटिन वगैरे औषधे देतात. कळ चालूच असेल किंवा रक्तदाब कोसळला असेल, तर मात्र किती तास लोटले हे न पाहता तातडीने अँजिओग्राफी करतात.