सेविका आणि शेवई

आदिलाबादच्या उत्तरेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पैलतीरी यवतमाळ जिल्हा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा या जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्याकडे आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात, व २०१४ पासून तेलंगणात आहे. सरहद्द सरकली, परंतु उन्हाळी वाळवणे सरकली नाहीत. तेलुगु शेजारणीची सेमिया, मुसलमान घरच्या ईदेच्या शीरखुर्म्यातील सेवई आणि मराठी घरची शेवई ही एकाच पदार्थाची नावे होत.

या पदार्थाचे मूळ इटलीत शोधण्याची आपल्याकडे आता फॅशन पडली आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त मात्र ‘सेविका’ स्पष्टपणे येते: गव्हाच्या पिठाच्या बारीक वळ्या यवाच्या आकाराच्या करून वाळवाव्या, दुधात शिजवाव्या आणि तूप-साखरेसह खाव्या. यवाचा आकार म्हटल्यावर लांब शेवई नव्हे, तर आपले गव्हलेच डोळ्यांपुढे येतात! रुखवतातील गव्हले, मालत्या, नखुल्या, फणुल्या हे सारे त्याच कुळातले. त्यांतील फणुली फणीवर दाबून वळतात. इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात ‘गार्गानेल्ली’ नावाचा पदार्थही फणीसारख्या साधनावरच वळतात. कोणी कोणाचे उचलले, हा वाद मला व्यर्थ वाटतो. हातात कणीक आणि घरात फणी असली की बोटांना तेच सुचते. गहू नसलेल्या कोकणाने तर तांदळाच्या उकडीचे शिरवाळे साच्यातून पाडून नारळाच्या रसात बुडविले.

खरा संबंध गव्हाचा आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत पिकणारा बन्सी गहू आणि इटलीचा पास्त्याचा गहू ही एकाच कठीण जातीची, म्हणजे डुरमची, भावंडे. त्याचा दाणा काचेसारखा, रवा पिवळसर. म्हणून शेवयांसाठी गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून, चिवट होईतो कणीक तिंबीत. त्यातील चिकटा जाळ्यासारखा असून शिजताना तो पिष्टाला धरून ठेवतो. जाळे दुबळे असले की शेवयांची लापशी होते. शिजवताना इटालियन पास्ता दाताला किंचित लागेल असा उतरवितात. तो चाखून पाहण्याचे स्वातंत्र्य तेथील स्वयंपाकिणीस आहे.

आपल्याकडे खीर नैवेद्याची असेल तर ती आधी चाखता येत नाही. येथेच गृहिणीची कसोटी लागते. तिने शेवया तुपात तांबूस भाजाव्या, म्हणजे त्या एकमेकींस चिकटत नाहीत. दूध खळखळून उकळल्यावरच आत सोडाव्या. आणि एक शेवई चमच्यावर घेऊन, निवताच दोन बोटांत दाबून पाहावी. ती सहज तुटावी, पण मधोमध कणीएवढा कठीणपणा बोटास जाणवावा. त्याच क्षणी पातेले उतरावे. चुलीवरून उतरले तरी दूध ऊन असते, आणि शेवई ते पीतच राहते. आरती लांबली की खीर घट्ट होऊन वाटीत बसते, हे ठाऊक असलेल्या सासवा दूध नेहमीपेक्षा पेलाभर अधिक घालीत. नव्या सुनेस मात्र ते पहिल्या वर्षी कोणी सांगत नसे.