कर्नलसाहेबांच्या मागे

सत्ताधीश गेला की सत्ता संपते, असे शाळेतील इतिहासाचे पुस्तक आम्हांस शिकवीत आले. घराचा इतिहास निराळेच सांगतो. त्या इतिहासाचे एक अस्सल साधन म्हणून आम्ही कॅथरिन मॅन्सफील्ड यांच्या 'द डॉटर्स ऑफ द लेट कर्नल' या कथेकडे पाहतो. १८८८ साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या या लेखिकेने ती डिसेंबर १९२० मध्ये पुरी केली. १९२१ साली ती प्रसिद्ध झाली आणि जानेवारी १९२३ मध्ये लेखिका क्षयाने निवर्तली.

जोसेफिन आणि कॉन्स्टन्शिया या दोन प्रौढ, अविवाहित बहिणी. आई सिलोनमध्ये वारली, भाऊ तिकडेच नोकरीत. हिंदुस्थानातील जुन्या स्नेह्यांशी भांडून बसलेल्या कर्नल बापाच्या सेवेत दोघींचे आयुष्य सरले. आता तो बाप वारला आहे. दफनभूमीत जोसेफिनला धडकी भरते : न विचारता पुरले हे बाबांना कळले तर? आणि या खर्चाचे बिल त्यांच्यापुढे ठेवावयाचे कोणी? त्यांची खोली आवरावयास गेलेल्या बहिणींना वाटते, ते खणांत दबा धरून बसले आहेत. अखेर कॉन्स्टन्शिया कपाटाला कुलूप लावते. रस्त्यावर बाजेवाल्याचा सूर उमटताच त्याला पैसे देऊन घालवून देण्यासाठी दोघी धावतात, आणि मग आठवते की काठी आपटणारे आता कोणी उरले नाही.

एकदा ईस्टबोर्नच्या खाणावळीत कोणा गृहस्थाने त्यांच्या दाराशी गरम पाण्याच्या तांब्यावर चिठ्ठी ठेवली होती. हाती येईतो वाफेने अक्षरे पुसट झाली. चिठ्ठी दोघींपैकी कोणासाठी, हेही कळले नाही. दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. येथवर हसत आलेला वाचक येथे थबकतो.

या भित्रेपणाला तत्कालीन कायद्याचीही साथ होती. १९१८ साली इंग्लंडात तीस वर्षांवरील स्त्रियांना मत मिळाले, पण स्वतःच्या वा पतीच्या नावावर घरदार असेल तरच. बापाच्या घरी राहणाऱ्या मुली बहुधा वगळल्याच गेल्या. पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार यावयास १९२८ साल उजाडले. मराठीतही उपवर मुलींच्या अशा घुसमटीची कैफियत 'विभावरी शिरूरकर' या नावाने मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' मध्ये मांडली, तेव्हा केवढा गहजब झाला!

मॅन्सफील्डबाईंना वेगळेच दुःख झाले. त्या बहिणींची थट्टा करतात, असा वाचकांचा ग्रह झाला. प्रारंभी दोघी आपणांस गमतीच्या वाटल्या, पण खोल पाहताच त्यांच्या आयुष्यात दडलेल्या सौंदर्यापुढे आपण नतमस्तक झालो, असे त्यांनी एका पत्रात कळविले आहे. कथेच्या अखेरीस खोलीत ऊन येते. दोघी आपल्या पुढील आयुष्याविषयी काही बोलू पाहतात; आधी तू, आधी तू, असे होते, आणि काय बोलावयाचे तेच दोघी विसरतात.

आम्ही बदलीच्या नोकरीतील माणसे. दिवसभर वरिष्ठांपुढे 'होय साहेब' म्हणतो आणि घरी येऊन साहेब होतो. परमुलखात आजी, मावशी, काका जवळ नसतात. बापाच्या हुकमावर अपील ऐकणारे न्यायालयच घरात उरत नाही. स्नेही तोडून बसलेल्या कर्नलाच्या घरी तरी दुसरे काय होते?

परवा कचेरीतून परतताना जिन्यावरून आमच्या दोन्ही मुलींचे हसणे ऐकू आले. आमचे पाऊल वाजताच ते थांबले. पूर्वी आम्ही याला शिस्त म्हणत असू. त्या दिवशी प्रथमच विचारले, "कशाला हसत होता ग?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. थोरली म्हणाली, "तू सांग." धाकटी म्हणाली, "नाही, तूच सांग." मग थोरलीच खाली पाहत म्हणाली, "विसरलो, बाबा."