तणसापासून पोलादी तारेपर्यंत

ब्रह्मपुरी-आरमोरीकडच्या धानाच्या मुलखात कुडाची भिंत घालतात, तेव्हा बांबू चिरून कामट्या विणतात आणि तणस घालून तुडवलेला, मुरवलेला चिखल दोन्ही अंगांनी थापतात. आखूड तणस वाळत्या मातीच्या बारीक भेगा आवरतं. लांब कामटी, भेग रुंदावली तरी भिंत धरून ठेवते. हीच वाटणी काँक्रीटमध्ये यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

लोखंडाचा चुरा मिसळून कृत्रिम दगड करण्याचं पेटंट १८७४ साली कॅलिफोर्नियात बेरार्ड यांनी घेतलं. १९६३ मध्ये रोमुआल्डी आणि बॅट्सन यांनी जवळजवळ बसवलेल्या पोलादी तारा भेगेची वाढ रोखतात हे मांडलं. त्याच दशकात गोल्डफाइन यांनी अमेरिकी लष्कराच्या स्फोटरोधक इमारतींसाठी प्लास्टिकचे तंतू सुचवले. दोन जातींचे तंतू एकत्र घालण्यावर वॉल्टन आणि मजुमदार यांनी १९७५ मध्ये लिहिलं.

स्फोटाचा दाब भिंतीवर आदळतो, आरपार जातो आणि मागच्या पृष्ठभागावरून ताण होऊन उलटतो. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची. म्हणून भिंत उभी राहूनही तिच्या आतल्या बाजूचे टवके गोळीसारखे उडतात, आणि आडोशाला बसलेला माणूस त्यांनीच जखमी होतो. पॉलिप्रॉपिलीनचे केसासारखे तंतू भेगेला जन्मतःच अडवतात. टोकं वाकवलेल्या पोलादी तारा मोठी भेग सांधून टवका जागीच धरतात. आग लागली तर प्लास्टिक १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि कोंडलेल्या वाफेला वाट मिळते. प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. घनमीटरला पोलाद साधारण ८० किलो, प्लास्टिक किलोभर. तंतू जास्त झाले की त्यांचे गोळे होतात आणि काँक्रीट नीट बसत नाही.

स्फोट या मुलखालाही नवे नाहीत: १ मे २०१९ ला गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांचा चालक गेले. गाडीखाली फुटणाऱ्या सुरुंगापुढे कुठलंच काँक्रीट कामाचं नाही. पण पोलीस मदत केंद्राची भिंत किंवा भद्रावतीच्या आयुध निर्माणीसारख्या ठिकाणची आडभिंत यांना दोन्ही तंतू घातलेलं काँक्रीट नक्की उपयोगाचं आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूरला सिमेंट तयार होतं, त्यात मिसळायला औष्णिक केंद्राची राखही हाताशी आहे. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी हे मिश्रण प्रयोगासाठी घ्यावं. बांबूचा तंतूही तपासावा, पण सिमेंटच्या क्षारात तो कुजतो हे आधी ध्यानात ठेवून.