केडगावचा नित्यनेम

मुळशी पेट्यातील सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढात जो पाऊस कोसळतो, त्याचे पाणी एके काळी सारेच्या सारे पूर्वेस वाहत असे. नीला आणि मुळा या दोन नद्या ते पौड खोऱ्यातील आंबेमोहोराच्या खाचरांमधून खाली आणीत, वाटेत पवना आणि पुण्यात मुठा त्यांना येऊन मिळे, आणि अखेरीस दौंडच्या बाजूच्या कोरड्या माळांमध्ये तो सारा प्रवाह भीमेच्या स्वाधीन होई. पुढे टाटांच्या धरणाने या पाण्याला घाट उतरून भिऱ्याच्या वीजघराकडे जाण्यास लाविले, आणि त्यासाठी जी गावे बुडणार होती त्यांच्या रक्षणार्थ १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षांत, त्याच नदीच्या खालच्या टोकास, भीमेच्या संगमापासून काही कोसांवर असलेल्या केडगावी, एक प्रौढा विधवा आणि तिने वाढविलेल्या मुली यांचे एक प्रदीर्घ काम शेवटाला येत होते, याची दखल आपल्या इतिहासलेखनाने फारशी घेतलेली नाही. ख्रिस्ती श्रद्धा अखंड आणि समग्र चित्ताने जगणे म्हणजे काय, याचा शोध घेत मावळातून निघालेल्या माणसाला नदीचा हात धरून तेथपर्यंत खाली जावे लागते.

मावळातील मनुष्याला नित्यनेम हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गळ्यात माळ घातलेला शेतकरी भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात उभा असला तरी त्याची एकादशी मोडत नाही, संध्याकाळचा हरिपाठ चुकत नाही, आणि माळ घातली तो दिवस त्याच्या भक्तीचा केवळ आरंभ होता, हे तो जाणतो. ख्रिस्ती धर्माचा मराठी मुलुखातील इतिहास मात्र आपण पुष्कळदा उलट्या रीतीने वाचीत आलो. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत पाऊल ठेविले, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाला, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. या सनावळीबरोबर अमक्याने अमक्या दिवशी बाप्तिस्मा घेतला आणि गावात केवढी खळबळ उडाली, याची हकीकत आपण रंगवून सांगतो. मिशनच्या दफ्तरात बाप्तिस्म्याची तारीख लिहिलेली असते. त्यानंतरच्या हजारो पहाटांची नोंद कोणी ठेवीत नाही. ज्या कहाणीत त्या पहाटांचाच इतिहास हाती लागतो, ती पंडिता रमाबाईंची.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविण्याचे धाडस केले, आणि त्या माउलीने ते धन कन्येच्या पदरात घातले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडे, देवळात आणि घाटावर पुराण सांगे, आणि श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करी. भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत असलेल्या या मुलीने दुष्काळात आईबापांना अन्नावाचून मरताना पाहिले, आणि त्यानंतर भावाबरोबर जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानची पायपीट केली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही पुरला नाही, आणि १८८२ साली कडेवर मनोरमा नावाची लेक घेऊन ही तरुण विधवा पुण्यास आली. अशा बाईच्या ठायी साधनेचे संस्कार आधीच खोल रुजलेले होते, ही गोष्ट पुढचे सारे समजून घेताना विसरता कामा नये.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे अनेक प्रेरणा होत्या. पतित स्त्रियांना माणुसकीने वागविणारे भगिनीमंडळ त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले होते, आणि काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, जे स्वतः ख्रिस्ती होऊन फादर नेहेम्या गोरे झाले होते, त्यांच्या लेखनाने त्यांच्या शंकांचे निरसन केले होते. पण ज्यांनी दीक्षा दिली त्यांच्या हाती या बाईंनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरेच कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी आपल्या आध्यात्मिक गुरुभगिनीलाच पत्रातून विचारले. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, आणि कोणत्याही एका चर्चच्या हुकमतीखाली आपली सदसद्विवेकबुद्धी जाऊ दिली नाही. याहून महत्त्वाची त्यांची एक कबुली आहे. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म आपल्या बुद्धीला पटला होता, पण ख्रिस्त स्वतः आपल्याला भेटला तो त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास. म्हणजे अमेरिकेचा प्रवास, ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या विषयावरचा त्यांचा गाजलेला इंग्रजी ग्रंथ, बोस्टनमध्ये उभी राहिलेली रमाबाई असोसिएशन, मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी उघडलेले शारदासदन, हे सारे लोकांच्या दृष्टीने एका प्रख्यात ख्रिस्ती बाईचे कार्य होते, आणि तिच्या स्वतःच्या दृष्टीने ती अजून दारातच उभी होती. कीर्तीच्या शिखरावर असताना आपल्या श्रद्धेचे असे माप घेणारी माणसे कोणत्याही धर्मात विरळा.

नोव्हेंबर १८९० मध्ये शारदासदन पुण्यास आले, तेव्हा शहराची हवा तापू लागली होती. नुकतीच, ऑक्टोबर महिन्यात, पंचहौद मिशनमध्ये पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहाचे पेले ठेवण्यात आले होते, आणि त्यातून पुढे जे ग्रामण्य माजले त्याने रानडे आणि टिळक अशा दोघांनाही एकाच प्रायश्चित्ताच्या प्रश्नापुढे आणून उभे केले. अशा शहरात बालविधवांचे वसतिगृह चालविताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन रमाबाईंनी दिले होते, आणि मुलींना आपापला आचार पाळण्याची मोकळीक तेथे खरोखरच होती. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली, आणि ती हिंदूच राहिली. वाद पेटला तो एका दारावरून. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत लेकीसह प्रार्थना करीत, आणि त्या वेळी खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. हितचिंतकांनी सुचविले की, दार लावून घ्यावे. बाईंनी नकार दिला.

१८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने कठोर टीका केली, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचा संताप निराधार होता असे मी म्हणणार नाही. ज्या समाजाने मोठ्या मुश्किलीने आपली लेकरे परक्या धर्माच्या बाईच्या हवाली केली होती, त्याला आश्वासनाचे शब्द आणि आश्वासनाचा आत्मा यांतील अंतर टोचणे स्वाभाविक होते, आणि पुढे सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची भीती खरी ठरली. पण दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. ज्या व्यक्तीची प्रार्थना हा तिच्या दिवसाचा कणा आहे, तिने ती चोरासारखी करावी, अशी अपेक्षा कोणत्याही माळकऱ्याकडून आपण केली नसती. बंद दाराआडची श्रद्धा रमाबाईंना मान्य नव्हती, आणि त्या हट्टाची किंमत त्यांनी आपल्या शहरातील जवळजवळ सर्व स्नेह गमावून चुकती केली.

मध्य प्रांतात १८९६-९७चा दुष्काळ पडला, तेव्हा बालपणीची ती भूक त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगाचा अंमल सुरू होता आणि एवढा जमाव शहरात ठेवण्यास सरकारी मनाई होती. म्हणून सदनाच्या उत्पन्नासाठी आधीच घेऊन ठेविलेल्या केडगावच्या जमिनीवर, पुण्याहून रेल्वेने चौतीस-पस्तीस मैलांवरच्या त्या उघड्या माळावर, तात्पुरत्या आसऱ्यात हा संसार मांडला गेला. सप्टेंबर १८९८ मध्ये तेथे ‘मुक्ती’ची रीतसर प्रतिष्ठापना झाली. १९०० साली गुजरातचा दुष्काळ आला आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे प्रार्थनेवर जगतात, असे म्हणणे सोपे असते. त्यांना दररोज दळण लागते, पाणी लागते, वस्त्र लागते. केडगावची भक्ती मला आदरणीय वाटते ती या ठिकाणी, कारण तेथे उपासना आणि कष्ट यांच्यामध्ये कोणी भिंत घातली नाही. विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, गाईम्हशी आल्या. मुली मागावर कापड विणू लागल्या, घाण्यावर तेल गाळू लागल्या, शिवण, धुलाई, शिक्षण, रुग्णसेवा यांत तयार झाल्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले. शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयाच्या नावाने अंध स्त्रियांचे सदन झाले, आणि तेथे मनोरमाबाईंनी अमेरिकेत स्वतः शिकून आणलेली ब्रेल लिपी शिकविली. ज्या मुलीला दुष्काळाने रस्त्यावर टाकले होते, तिच्या बोटाखाली उठावाचे ठिपके अक्षरे होऊन उभे राहिले, या एका गोष्टीपुढे मला पुष्कळ प्रवचने फिकी वाटतात.

१९०५ सालच्या आरंभी रमाबाईंनी दररोज एकत्र येऊन प्रार्थना करण्यास कोण तयार आहे असे विचारले, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या; जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्या महिन्याच्या अखेरीस मुक्तीत जे भावजागरण झाले, अश्रू, कबुली, मोठ्याने एकाच वेळी केलेल्या प्रार्थना, त्याची वर्णने देशोदेशी पसरली. जगाने त्या काही आठवड्यांचे कौतुक केले. मला त्याआधीचे सहा महिने अधिक मोलाचे वाटतात. ज्या सत्तर जणी रोज काही विलक्षण न घडताही येऊन बसल्या, त्यांच्या बैठकीवर ते सारे उभे होते.

याच काळात नगर भागात नारायण वामन टिळक अभंगाच्या वाटेने तेच साधू पाहत होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे वाटे. त्यांच्या पदांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला स्वतःचा गळा दिला, आणि १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एका छत्राखाली बोलाविले. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचा अंत झाला आणि तो दरबार विखुरला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे ते घर आपल्या परिचयाचे झाले, केडगावला अशी लेखिका लाभली नाही.

त्याऐवजी केडगावने एक भाषांतर दिले. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर. ती मुक्तीतील साध्या बाईला कळत नाही, हे रमाबाईंना दिसले. जिच्या जिभेवर भागवत नांदले, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले, त्या विदुषीने आपला सर्वांत मोठा अलंकार उतरवून ठेविला, आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला उमजेल अशा मराठीत सबंध बायबल नव्याने आणण्याचा संकल्प केला. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक भाषांना भिडल्या. सतरा-अठरा वर्षे हे काम चालले; संस्थेचा व्याप, कर्ज, आजार, ऐकू कमी येण्याची जुनी व्यथा, यांपैकी कशानेही त्यात खंड पडला नाही. मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, शाई लावणाऱ्या, कागद घडी घालणाऱ्या, सगळ्या स्त्रियाच होत्या. ज्यांच्यासाठी ग्रंथ सोपा करावयाचा त्यांच्याच हातांनी तो अक्षर अक्षर उभा राहत होता. चर्चमधून पुढेही बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले गेले, हे खरे. पण एका स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल एकहाती मराठीत आणावे आणि स्त्रियांनीच ते छापावे, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. मुळशीत त्या साली जमीन वाचविण्याचा लढा चालू होता; केडगावी चौसष्टीकडे झुकलेली आई एकुलत्या एक लेकीला निरोप देऊन पुन्हा मुद्रिते तपासावयास बसली. मुक्तीत सांगतात की, काम पुरे होण्याइतके दहा दिवस तिने देवाकडे मागून घेतले, आणि ते दहा दिवस सरले तेव्हा शेवटची मुद्रिते तपासून झाली होती. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच रमाबाईंचा प्राण गेला. छपाईचे काम राहिले होते. छापखान्यातल्या मुलींनी दुसऱ्या दिवसापासून ते पुढे चालविले, आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला.