टोपडे कोणत्या वाटेने आले?

मराठवाड्यातल्या बारशाला बाळाच्या अंगावर दोन तऱ्हांचे कपडे दिसतात. एक कुंची: खणाची किंवा रेशमी, डोके आणि पाठ झाकणारी, हनुवटीखाली बांधायची. दुसरे लोकरीचे टोपडे आणि मोजे. दोन्ही आजीच्या हातचे, म्हणून दोन्ही आपण एकाच परंपरेच्या खात्यावर जमा करतो. पण कुंची आणि जुन्या लुगड्याचे दुपटे घरातून आले, तर विणलेले टोपडे शाळा, मिशन आणि युद्धनिधी यांच्या वाटेने आले. त्यामुळे कुणी दूरच्या, अगदी परदेशातल्या दवाखान्यातल्या अनोळखी बाळांसाठी विणायला बसले, तर ती परक्यांकडून नुकतीच उचललेली टूम ठरत नाही. असे विणणे आपल्या घरगुती विणकामाइतकेच जुने आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, छत्रपती संभाजीनगर ही तर विणकरांची भूमी. इथे विणायला बाहेरून कोणी कशाला शिकवावे? हिमरू आणि मशरू शहरात, पैठणी पैठणला आणि घोंगडी धनगरांच्या घरी होत होती, हे खरेच. पण हे सगळे मागावरचे काम, आणि बहुतेक जातीच्या वा घराण्याच्या धंद्याचे. दोन सुयांवर टाके घालून टोपी उतरवणे ही वेगळी विद्या आहे आणि ती आपल्याकडे युरोपीय संपर्कातून पसरली. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झाले. सिंथिया फॅरार 1827 मध्ये आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींची शाळा चालवू लागल्या. सावित्रीबाई फुले यांनी तिथेच अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असेच. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चर्च मिशनरी सोसायटीचे रत्नजी नवरोजी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम करत होते, तर 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले. त्याच काळात ब्रिटन-अमेरिकेतल्या चर्चमधल्या बायका एकत्र बसून शिवत, विणत, बँडेज गुंडाळत आणि खोकी भरून मिशनच्या संस्थांना पाठवत. त्या काळी ‘परदेशातला दवाखाना’ म्हणजे आपल्याकडचाच दवाखाना. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडले, ते याच जगातले. यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता आणि तो कुणी लपवलेलाही नव्हता. पण हेतू मिशनचा असला तरी हातात आलेली कला त्या हेतूला बांधील राहिली नाही.

ती किती मोकळी झाली हे पहिल्या महायुद्धात दिसले. मुंबई इलाख्याच्या युद्ध-मदतनिधीची स्त्रियांची शाखा लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि सैनिकांसाठी, जखमींसाठी कपडे तयार करण्यात स्त्रिया गुंतल्या. आता खोकी उलट दिशेने, मुंबईच्या बंदरातून बाहेर जाऊ लागली. हे साम्राज्याचे फुकटचे श्रम होते, असे कोणी म्हटले तर ते खोडता येणार नाही. ‘सेवा’ म्हटले की बाईच्या वेळेची किंमत शून्य धरायची, ही खोड आजच्या स्वयंसेवी कामातही आहे. मात्र रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात उभारलेल्या सेवासदनाने शिवणकाम आणि परिचारिकेचे शिक्षण एकाच छताखाली आणले, कमाईच्या दृष्टीनेही. सेवा आणि मजुरी यांचे वैर नाही, हे तिथे दिसले.

दुसरा आक्षेप हवामानाचा. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या गावात बाळाला लोकर कशाला? पण नवजात बाळ, विशेषतः अपुऱ्या दिवसांचे, स्वतःची ऊब टिकवू शकत नाही. शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे असते आणि तिथून उष्णता भराभर जाते. उष्ण देशांतही बाळे गारठतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत घरच्या घरी नवजात-सेवा देऊन बालमृत्यू कमी केले; 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात बाळाला उबदार ठेवणे हा एक भाग होता. शास्त्राचा खरा कौल अर्थात लोकरीला नाही, आईच्या अंगाला आहे. बोगोटात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली कांगारू पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच द्यावी, असे सांगितले. त्या पद्धतीत आईच्या छातीशी धरलेल्या बाळाच्या अंगावर उरते ते टोपडे, मोजे आणि लंगोट. म्हणजे लोकरीचा मोठा स्वेटर मोडीत निघाला, पण टोपडे टिकले. आपल्या कुंचीनेही आधी डोकेच झाकले होते.

म्हणून विणणाऱ्यांनी आवडीचा नमुना निवडण्याआधी वॉर्डातल्या परिचारिकेला विचारावे. दीड किलोच्या बाळाचे टोपडे बाजारात सहज मिळत नाही. ते मऊ हवे, पुन्हा पुन्हा धुतले तरी न आटणारे हवे, आणि त्याला बटण, मणी, लांब नाडी नको. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात असे टोपडे हवे असेल, तर पहिले खोके परदेशी पाठवण्याआधी तिथे द्यावे.